कॅप्टन कर्क आणि फळीवर वंदना

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या मूळ आवृत्तीतला ‘द ओमेगा ग्लोरी’ हा एपिसोड सुरू होतो तेव्हा वाटतं, आज काहीतरी जबरदस्त बघायला मिळणार. ‘एक्सेटर’ नावाचं जहाज एका ग्रहाभोवती मुकाट घिरट्या घालतंय, हाकेला ओ देत नाही. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क, त्याचा टोकदार कानांचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि सोबत एक लेफ्टनंट असे चौघं तिथे जाऊन बघतात तर जहाजावर चिटपाखरू नाही. खुर्च्यांत आणि जमिनीवर नुसते गणवेश पडलेत. माणूस बसल्या जागी आतून नाहीसा व्हावा तसे. बाह्यांतून, कॉलरमधून पांढरे स्फटिक सांडलेत. मॅकॉय ते तपासतो आणि सांगतो की ही माणसंच आहेत, फक्त पाणी गेलंय. मग जहाजावरच्या मेलेल्या डॉक्टरचं रेकॉर्डिंग लागतं: तुम्ही हे बघताय म्हणजे रोग तुम्हालाही लागलाय, आपल्या जहाजावर परत जाऊ नका, जगायचं असेल तर खाली ग्रहावर उतरा.

खर्च जवळजवळ शून्य. चार कपडे आणि मूठभर पांढरी पूड. पण अंगावर काटा येतो. मॅकॉय माणसाच्या शरीरात ९६ टक्के पाणी असतं असं ठोकून देतो (असतं साधारण ६० टक्के, डॉक्टरसाहेबांनी माणूस आणि काकडी यांत गल्लत केली असावी), तरीसुद्धा त्याला माफ करावंसं वाटतं. इथपर्यंत माझा चहा गार झालेला असतो.

आणि मग पुढच्या चाळीस मिनिटांत हा एपिसोड स्वतःच्या हाताने स्वतःची अशी काही वाट लावतो की बघत राहावं.

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं त्या काळातली मी. संवाद निम्मे डोक्यावरून जायचे, पण स्पॉकचे कान आणि दार आपोआप सरकण्याचा तो ‘सुईं’ आवाज पुरेसा होता. आता मालिका पुन्हा बघते तेव्हा मुद्दाम फसलेल्या एपिसोडांकडे वळते. चांगल्या एपिसोडमध्ये लेखक दिसत नाही, गोष्ट दिसते. फसलेल्यात तो पदोपदी दिसतो, त्याला काय म्हणायचं होतं तेही दिसतं आणि ते कुठे त्याच्या हातून निसटलं तेही. ‘ओमेगा ग्लोरी’चा लेखक तर खुद्द जीन रॉडनबेरी, म्हणजे मालिकेचा जन्मदाता. बाहेरून आणलेल्या कुणा नवशिक्याने घाण केली असं म्हणायचीही सोय नाही.

गोष्ट अशी. ग्रहावर कोम नावाचे गावकरी आहेत आणि त्यांच्यावर हल्ले करणारे यांग नावाचे रानटी लोक. ‘एक्सेटर’चा कॅप्टन रॉनल्ड ट्रेसी तिथेच अडकून पडलाय आणि त्याने कोमांची बाजू घेतलीय. आपली फेझर बंदूक वापरून तो यांगांना मारतोय. स्टारफ्लीटचा, म्हणजे या सगळ्यांच्या अंतराळदलाचा, सर्वांत मोठा नियम, प्राइम डिरेक्टिव्ह, सांगतो की दुसऱ्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही. याच एपिसोडमध्ये कर्क आपल्या नोंदवहीत म्हणतो की कॅप्टनने एक वेळ स्वतःचा आणि सगळ्या सहकाऱ्यांचा जीव द्यावा, पण हा नियम मोडू नये. हे वाक्य लक्षात ठेवा.

ट्रेसीचं काम मॉर्गन वुडवर्डने केलंय आणि झकास केलंय. घामेजलेला, डोळे तारवटलेले, अजून कॅप्टनच्या रुबाबात बोलणारा पण आतून पार उसवलेला माणूस. त्याला वाटतं, इथल्या हवापाण्यात अमरत्वाचं औषध आहे. वू नावाच्या एका गावकऱ्याचं वय तो हिशेबाने सिद्ध करून दाखवतो: लाल पक्ष्याचं वर्ष दर ११ वर्षांनी येतं, वूने ते ४२ वेळा पाहिलंय, करा गुणाकार. ४६२. वूचा बाप तर हजारी ओलांडून गेलाय. आणि मग तो यांगांच्या हल्ल्याबद्दल सांगतो. आम्हाला उघड्यावर आणण्यासाठी त्यांनी शेकड्यांनी माणसं बळी दिली, आमच्या चार फेझर रिकाम्या झाल्या, आम्ही हजारो मारले, तरी ते येतच राहिले.

हा एपिसोड अमेरिकेत एनबीसीवर लागला १ मार्च १९६८ रोजी, शुक्रवारी रात्री. व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण, म्हणजे कम्युनिस्ट फौजांचा मोठा हल्ला, सुरू होऊन महिना झाला होता. त्याच मंगळवारी, २७ फेब्रुवारीला, वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाने सीबीएसवरून देशाला सांगितलं होतं की या युद्धात आपण कोंडीत रुतलोय. गुरुवारी संरक्षणमंत्री मॅकनमारा पायउतार झाले. त्याच गुरुवारी शहरांतल्या दंगलींबद्दलचा कर्नर आयोगाचा अहवाल बाहेर आला, त्यात लिहिलं होतं की हा देश दोन समाजांकडे चाललाय, एक काळा आणि एक गोरा, वेगळे आणि असमान. आणि शुक्रवारी रात्री एक गणवेशातला, शस्त्रसज्ज, भरकटलेला अमेरिकन ढंगाचा अधिकारी एका आशियाई चेहऱ्यांच्या गावात बसून सांगतोय की आम्ही हजारो मारले तरी ते येतच राहिले. घराघरांत ते वाक्य कसं ऐकलं गेलं असेल!

पण एपिसोडला ते ऐकूच येत नाही. अपघाताने सोन्याच्या खाणीवर येऊन उभं राहावं आणि पाय झटकून पुढे निघावं, तसं होतं. कारण संहिता १९६८ सालची नव्हतीच. पहिला पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना-एपिसोड, एनबीसीने नाकारल्यावर १९६५ साली दुसऱ्या पायलटसाठी तीन संहिता तयार झाल्या होत्या, त्यांतली ही एक. चॅनेलने दुसरी निवडली आणि ही मागे पडली. शहाण्या माणसाने तिला तिथेच राहू दिलं असतं. रॉडनबेरीने दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे ती बाहेर काढली.

मध्यंतरानंतर काय होतं, तर कर्क आणि स्पॉकच्या डोक्यात प्रकाश पडतो. यांग म्हणजे यँक, यँकी, अर्थात अमेरिकन. कोम म्हणजे कम्युनिस्ट. पृथ्वीवर जे युद्ध टळलं ते या ग्रहावर झालं, आशियाई जिंकले आणि गोऱ्यांना रानावनात हाकलून देण्यात आलं. स्पॉक स्वतःच म्हणतो की हे साम्य जरा जास्तच जवळचं आहे. जास्त? अब्जावधी मैलांवर, वेगळ्याच सूर्याखाली, अमेरिका हाच शब्द, तोच झेंडा, पट्टे आणि ताऱ्यांसकट! कुणी अंतराळयानातून नेला नाही, कुणी मागे विसरला नाही. आपोआप उगवला.

बहुतेक लोक इथेच हसून टीव्ही बंद करतात आणि ‘सर्वांत वाईट एपिसोड’ या यादीत याचं नाव टाकतात. मी या योगायोगावर फार अडत नाही. ‘स्टार ट्रेक’मध्ये रोमनांचा ग्रह आहे, शिकागोच्या गुंडांचा ग्रह आहे, नाझींचाही आहे. स्टुडिओच्या गोदामात जे कपडे पडलेले असतील त्यांचा ग्रह, असा तो साधा मामला. मला खटकतं ते वेगळंच.

यांग कातडी पांघरतात, भाले आणि धनुष्यबाण वापरतात, करारी चेहऱ्याने गप्प राहतात. कर्कच्या तोंडीच हे स्पष्टीकरण आहे की आपले पूर्वज असे हाकलले गेले असते तर तेही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखेच जगू लागले असते, शेवटी दिसूही लागले असते तसेच. म्हणजे जमीन हिसकावली गेल्याचं दुःख गोऱ्यांचं, ती परत मिळवण्याचा न्याय्य लढाही गोऱ्यांचा. ज्यांच्याकडून खरोखर जमीन हिसकावली गेली त्यांचा या ग्रहावर पत्ताच नाही. त्यांचे कपडे तेवढे उसने आणलेत. आणि आशियाई चेहऱ्यांचे कोम? वू सोडला तर त्यांच्यातल्या एकाचाही स्वभाव आपल्याला कळत नाही. ते जिंकलेले आहेत म्हणून वाईट, बस्स. सुलू या आशियाई अधिकाऱ्याला जहाजाच्या सुकाणूवर मानाने बसवणाऱ्या मालिकेत हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं.

तरीही या सगळ्या राड्यात एक कल्पना आहे, आणि ती खरंच मोठी आहे. त्या कल्पनेमुळेच मी हा एपिसोड पुन्हा पुन्हा बघते.

कर्क कोठडीत पडलाय. शेजारी क्लाउड विल्यम नावाचा यांग सरदार. तो बोलत नाही, फक्त मारतो. कर्क स्पॉकशी बोलता बोलता स्वातंत्र्य हा शब्द उच्चारतो आणि क्लाउड विल्यम थबकतो. पहिल्यांदाच तोंड उघडतो. हा आमच्या पूजेचा शब्द आहे, म्हणतो, तू तो उच्चारायचा नाहीस. कर्क त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, आमच्याही पूजेचा आहे. दोन अर्धमेली माणसं, एकच कोठडी, आणि एक शब्द. वीस सेकंदांचा प्रसंग असेल, त्यासाठी मी बाकीचं सगळं सोसायला तयार आहे.

पुढे कळतं की यांगांकडे असे पवित्र मंत्र आहेत. ते पाठ आहेत, अर्थ कुणालाच माहीत नाही. त्यांच्या सभेत एक फाटका अमेरिकन झेंडा वाजतगाजत येतो आणि क्लाउड विल्यम काहीतरी गूढ भाषेत पुटपुटायला लागतो. कर्क कान देऊन ऐकतो आणि ओळखतो: ही तर अमेरिकेतल्या शाळांत रोज सकाळी म्हणतात ती झेंड्याची प्रतिज्ञा, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली. तो ती पुढे पूर्ण करतो. सगळ्यांत पवित्र मंत्र आहे ‘ई प्लेब्निस्टा’. तो एका पेटीत बंद असतो आणि फक्त सरदारांनीच बघायचा असतो.

मराठी माणसाला हे सांगायला हवं का? आपण वर्षानुवर्षं दर गणपतीत ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ म्हणत आलोय. फळी कुठली, तिच्यावर वंदना कशाला चढून बसली, कधी विचारलंय? पुढे ‘संकष्टी पावावे’ म्हणून आपण देवाला तारीखही ठरवून दिली. आणि मंत्रपुष्पांजली! साम्राज्य, स्वाराज्य, वैराज्य, सार्वभौम, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा. राज्यांचे एवढे प्रकार एका दमात मोजणारा तो मंत्र, आणि खोलीतले निम्मे लोक ओठ हलवत शेवटच्या ‘सभासद इति’ची वाट बघत उभे. तेवढं मात्र सगळे दणक्यात म्हणतात. राज्यव्यवस्थेचे शब्द पूजेचे होऊन बसणं यात नवल काहीच नाही. आपल्याकडे तर त्यावर कापूरही ओवाळला जातो.

आमच्या नात्यात एक काका होते, त्यांना हे खपायचं नाही. आरती थांबवून म्हणायचे, “फळीवर नाही रे गाढवांनो, फणिवरबंधना. फ-णि-व-र-बं-ध-ना.” मग आम्ही दोन दिवस बरोबर म्हणायचो. अर्थ तेव्हाही कळलेला नसायचा. नाग कमरेला बांधलेला असा तो, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आणि खरं सांगायचं तर भक्तीत काडीचाही फरक पडला नाही. फळीवर म्हणताना जेवढी होती तेवढीच फणिवर म्हणताना.

‘ओमेगा ग्लोरी’ नेमका या काकांसारखा वागतो. शेवटच्या प्रसंगात कर्क ती पेटी उघडतो. हे सरदारांसाठी लिहिलेलं नाही, असं ठणकावून तो जुना चर्मपत्राचा कागद सगळ्यांसमोर धरतो आणि स्वच्छ उच्चारात वाचतो: आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक. १७८७ सालच्या अमेरिकन राज्यघटनेची उद्देशिका. कर्कचं काम करणारा विल्यम शॅटनर हे वाक्य कसं म्हणतो ते वर्णन करणं अशक्य आहे, प्रत्येक शब्दाला स्वतंत्र सिंहासनावर बसवल्यासारखं. पार्श्वभूमीला राष्ट्रगीताची धून चढत जाते. आणि एपिसोडची समजूत अशी की झालं! उच्चार सुधारला, म्हणजे अर्थ कळला.

अर्थ असा कळतो का? कर्क म्हणतो की हे शब्द सगळ्यांना लागू व्हायला हवेत, यांगांना तसे कोमांनाही, नाहीतर त्यांना काही अर्थच नाही. सुंदर वाक्य आहे, मनापासून म्हटलेलं आहे. पण त्याच्या हातातल्या त्याच कागदावर थोडं खाली गुलाम माणसं तीन पंचमांश म्हणून मोजलेली आहेत. ‘आम्ही लोक’ या शब्दांचा अर्थ त्या कागदात आयता ठेवलेला नव्हता. तो नंतर घडवावा लागला: एक यादवी युद्ध, घटनादुरुस्त्या, शंभर वर्षांहून जास्त काळ मारामाऱ्या आणि मोर्चे, आणि १ मार्च १९६८ पर्यंत तो घडवून झालेला नव्हता, हे आदल्याच दिवशी कर्नर आयोगाने छापून सांगितलं होतं. मोठ्याने वाचून दाखवलं की अर्थ मिळतो असं ज्याला वाटतं त्याची जात क्लाउड विल्यमचीच, फक्त उच्चार चांगले. एपिसोड ज्या रोगाचं निदान करतो तोच रोग त्याला स्वतःला झालेला आहे. झेंडा आत येतो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर यांगांची आहे.

मजा म्हणजे मॅकॉयने मध्येच ही सगळी इमारत पायातून उखडून टाकलेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तो शोधून काढतो की अमरत्वाचं औषध वगैरे काही नाही. जैविक युद्धातून जे वाचले त्यांच्या वंशजांची प्रतिकारशक्ती जबर आहे, त्यामुळे इथे माणूस हजार वर्षं सहज जगतो. बरं. मग मंत्र विसरले कसे? माणूस हजार वर्षं जगत असेल तर ज्याने तो कागद शुद्धीत वाचला होता तो कुणाचा तरी आजा असणार, आणि तो अजून ओसरीवर बसून नातवांना झापत असणार. शब्द झिजायला पिढ्या लागतात. तोंडातून तोंडात जाताना ते झिजतात. इथे तर तोंडंच बदलत नाहीत. एकाच माणसाने लिहिलेल्या एकाच संहितेत दोन कल्पना शेजारी शेजारी बसल्यात आणि त्या एकमेकींच्या जिवावर उठल्यात. इतकं साधं गणित, आणि ४२ गुणिले ११ करून दाखवणाऱ्यालाच सुटलं नाही.

बाकीच्या गमती भराभर सांगते. ट्रेसी यांगांना पटवून देतो की स्पॉक हा सैतान आहे. पुरावा काय, तर त्यांच्या पवित्र ग्रंथातलं टोकदार कानांच्या सैतानाचं चित्र. कल्पना वाईट नाही, पण दोन मिनिटांत वापरून फेकून दिलीय. स्पॉक नुसत्या नजरेने एका बाईला भारून तिच्याकडून दुरून कम्युनिकेटर सुरू करवून घेतो. ही विद्या त्याला सोयीच्या वेळीच आठवते. सुरुवातीला सोबत आलेला लेफ्टनंट ट्रेसीच्या हातून मरतो, तोच नट पुढच्या सीझनमध्ये पुन्हा जहाजावर हिंडताना दिसतो. आणि कर्क आणि ट्रेसीची मनगटं एकत्र बांधून जुंपलेली मारामारी, जो जिंकेल त्याची बाजू सत्याची. घटनेच्या उद्देशिकेकडे जायचा रस्ता या असल्या कुस्तीतून काढावा हे कुणाला सुचलं कोण जाणे.

कर्कचं भाषण संपतं तेव्हा क्लाउड विल्यम त्याच्याकडे बघून जे म्हणतो ते मला या एपिसोडमधलं सर्वांत खरं वाक्य वाटतं. मला पूर्ण समजलं नाही, तो म्हणतो, पण पवित्र शब्दांचं पालन होईल, शपथ घेतो. रॉय जेन्सनने ते अगदी सरळ, साध्या चेहऱ्याने म्हटलंय. कर्कचं भाषण वाया गेलंय, हे त्या एका वाक्यात स्वच्छ ऐकू येतं. पूजा कालही होती, उद्याही चालू राहील, फक्त आता मंत्र नीट म्हणतील. इथे कर्कच्या चेहऱ्यावर एक शंका दाखवली असती, संगीत अर्धा सेकंद थांबलं असतं, तरी हा एपिसोड मी डोक्यावर घेतला असता. पण लेखकाला आपण काय लिहून बसलोय ते दिसत नाही. कर्क समाधानाने हसतो.

स्पॉकला मात्र शंका येते, येणारच. ट्रेसी गुन्हेगार आहे हे ठीक, तो विचारतो, पण आपण इथे जे केलं तोही प्राइम डिरेक्टिव्हचा भंग नाही का? ज्या कॅप्टनने मघाशी सगळ्या सहकाऱ्यांचा जीव ओवाळून टाकायची भाषा केली होती तो उत्तर देतो की आपण त्यांना फक्त ते कशासाठी लढत होते त्याचा अर्थ दाखवला. ट्रेसीने एका बाजूला बंदूक दिली म्हणून तो बेड्यांत. कर्कने दुसऱ्या बाजूला धर्मग्रंथाचा भाष्यकार होऊन दाखवलं म्हणून तो कॅप्टन. कोणी जास्त ढवळाढवळ केली? माझं मत विचाराल तर बंदुकीच्या चार्जिंगला तरी शेवट असतो. जाता जाता कर्क मागे वळून झेंड्याकडे एकदा बघतो आणि नाहीसा होतो.

त्या रात्री एपिसोड संपल्यावर एनबीसीच्या निवेदकाने जाहीर केलं की ‘स्टार ट्रेक’ पुढेही चालू राहील. मालिका बंद होणार या भीतीने चाहत्यांनी मोहीम काढली होती, चॅनेलच्याच सांगण्यानुसार लाखाहून जास्त पत्रं येऊन पडली होती. म्हणजे मालिका वाचल्याची बातमी नेमकी या एपिसोडच्या शेपटीला बांधून आली. त्या पत्रलेखकांनी मधली पन्नास मिनिटं काय तोंड केलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. पुढचा सीझन सप्टेंबरात सुरू झाला तो कुणीतरी स्पॉकचा मेंदू डोक्यातून काढून पळवल्याच्या एपिसोडने. तोही भिकार आहे, पण तो बघताना उभं राहावं लागत नाही.